सुई नको म्हणून

आमच्या फाउंड्रीतल्या मुतारीत माझ्यामागून आलेला माणूस आपलं उरकून, हात धुऊन, तंबाखू मळत बाहेर जायचा आणि मी अजून भिंतीकडं तोंड करून उभाच. एकदा भट्टीवरचा एक गडी म्हणाला, "काय सायेब, बोअर मारताय काय? पानी लागंना व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. हसण्यावारी नेलं की गोष्ट लहान होते असं मला तेव्हा वाटायचं.

मी परशराम. राहणार मच्छे, बेळगावातून खानापूरच्या वाटेला लागलं की येणारं गाव. सारी नोकरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, एका ओतकामाच्या कारखान्यात झाली. मुलगी लग्न होऊन गेली, घरात मी आणि बायको शांता. धाकटा भाऊ मारुती भिंतीला भिंत लावून राहतो, शेती बघतो आणि फावल्या वेळात आपली गाडी भाड्यानं चालवतो. हे मी उपचार चालू असतानाच लिहितोय. बरा झाल्यावर लिहू म्हणून थांबलो असतो तर लिहिणं राहूनच गेलं असतं.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. भट्टीतलं वितळलेलं लोखंड साच्यात ओतायच्या आधी त्यातलं पळीभर घ्यायचं, त्याचा नाण्याएवढा तुकडा पाडायचा, घासायचा आणि मशीनवर ठेवायचा. मशीन त्यावर ठिणगी मारतं, ठिणगीचा उजेड वाचतं आणि लोखंडात काय काय किती आहे ते सांगतं. त्याला आम्ही स्पेक्ट्रो म्हणतो. स्पेक्ट्रोनं 'ओत' म्हटलं की ओतायचं आणि 'थांब' म्हटलं की मालक येऊन उभा राहिला तरी थांबायचं. त्या मशीनसमोर माझी उमर गेली. माणसांपेक्षा त्याच्यावर माझा भरवसा जास्त, असं शांता म्हणायची आणि ते खोटं नव्हतं.

बोट

गणपतीच्या आधी एक दिवस लघवी बंदच झाली. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं. मारुतीनं गाडीत घातलं आणि बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं नळी घालून मोकळं केलं तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो. दुखलं म्हणून नाही, सुटलो म्हणून.

नंतर डॉक्टरांनी तपासलं. प्रोस्टेट नावाची ग्रंथी पुरुषाला मूत्राशयाच्या खाली असते, आणि ती तपासायची तर डॉक्टरला मागच्या वाटेनं बोट घालावं लागतं. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला लावतात आणि क्षणभरात होऊनही जातं. लाज मात्र आठवडाभर पुरते. डॉक्टर मूळचे धारवाडकडचे, पण मराठी चांगलं बोलायचे. हातमोजा काढता काढता म्हणाले, "एका बाजूला कडक लागतंय मला. रक्ताची तपासणी करू या."

रक्तात या ग्रंथीचा एक आकडा बघतात, तो जास्त आला. पुढच्या खेपेला त्यांनी शांतालाही आत बोलावून घेतलं. नवऱ्याच्या लघवीच्या तक्रारीसाठी कोण बायकोला आत बोलावतं?

"बायोप्सी करायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "सुईनं त्या गाठीचे बारीक तुकडे काढायचे आणि तपासायला पाठवायचे. त्याच्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, मला सांगता येत नाही."

कॅन्सर हा शब्द त्यांनी सरळ उच्चारला. शांतानं पदर तोंडाला लावला. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो आणि मनात एकच: सुई नको.

आक्काचं म्हणणं

सुई का नको, तर आक्कामुळं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीला दिलेली. दाजी तंबाखूच्या वखारीत कामाला होते. गालात आतून गाठ आली, डॉक्टरांनी सुई लावून तुकडा काढला आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत दाजी गेले. तेव्हापासून आक्काच्या मनानं घेतलं की गाठ झोपलेली होती, सुईनं तिला उठवलं. घरात कुणाच्या मानेला बेंड झालं तरी ती ओरडायची, "गाठीला लोखंड लावू नगासा!" आमच्या अख्ख्या भावकीत हे वाक्य देवाच्या आरतीइतकं पाठ झालेलं.

आता मला डॉक्टर सांगतात ते कळतं. सुईनं कॅन्सर पसरला म्हणून दाजी गेले नाहीत, कॅन्सर पसरलेलाच होता आणि सुईनं तो फक्त दाखवला. पण हे कळायला स्वतःच्या अंगाची किंमत द्यावी लागली. तेव्हा आक्का निपाणीहून पहिल्या गाडीनं आली, चप्पल न काढता उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "परशा, तुझ्या पाया पडते मी. तुझ्या दाजीचं करून बसले, आता तुझं न्हाय करू देणार." थोरली बहीण पाया पडते म्हटल्यावर माणूस काय बोलणार?

मारुती एकटाच म्हणाला, "डाक्टर काय येडा हाय व्हय, उगंच सुई लावाया?" त्याला आक्कानं असं झापलं की तो उठून गोठ्यात गेला.

डोळ्यांना न दिसणारा उजेड

तरी मी हॉस्पिटलात परत गेलो, बायोप्सीची तारीख पुढं ढकलून मागायला. तिथं डॉक्टरांनी विचारलं, "एका संशोधनासाठी थोडं रक्त द्याल का? तुमच्या उपचाराशी त्याचा संबंध नाही." आणि ते संशोधन करणाऱ्या विद्याश्री नावाच्या मुलीकडं पाठवलं.

विद्याश्री चिकोडीकडची, घरी निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. तिच्या खोलीत टेबलावर एक पांढरं मशीन होतं, आमच्या स्पेक्ट्रोच्या मानानं अगदीच किरकोळ. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर, काका."

स्पेक्ट्रो! अनोळखी गावात आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसं झालं मला.

तिला वाटलं म्हातारा उगाच विचारतोय. पण मी खोदून खोदून विचारायला लागलो तशी तीही खुलली. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड असतो, तो रक्तावर पाडायचा. रक्तातली प्रथिनं, चरबी आपापल्या वाट्याचा उजेड गिळतात. काय गिळलं आणि काय परत आलं त्याची रेघ पडद्यावर उमटते. कॅन्सर असलेल्या माणसाची रेघ आणि नसलेल्याची रेघ यांत फरक पडतो का, हे ते लोक शोधत होते. फरक पक्का सापडला तर पुढं कधीतरी कुणाला सुईची गरज आहे आणि कुणाला नाही, हे ठरवायला मदत होईल.

"म्हणजे सुई न लावता कळणार?" मी विचारलं.

"आत्ता नाही काका. आत्ता आम्ही शिकतोय. यावरून मी तुम्हाला काहीही सांगू शकत नाही, सांगायचंही नाही. बायोप्सी करून घ्यायचीच हं."

हे तिनं स्वच्छ सांगितलं. तिला किंवा हॉस्पिटलला मी कधीच दोष देणार नाही. ऐकणाऱ्याच्या कानात जे आधीच भरलंय त्याच्यावर बोलणाऱ्याचा काय इलाज?

रक्त दिलं आणि दोन दिवसांनी पुन्हा तिच्या दारात उभा. आलतो त्या बाजूला, सहज डोकावलो, अशी थाप मारली. योगायोगानं तिच्यापुढं माझाच नमुना होता. काचेच्या नळीतून तिनं रक्त निथळून वर आलेला पिवळसर थेंब घेतला, मशीनच्या मधोमध बसवलेल्या हिऱ्याच्या बारीक तुकड्यावर ठेवला, वाळू दिला. पडद्यावर एक रेघ चढत-उतरत गेली. मग दुसरी रेघ आली आणि पहिलीवर अशी बसली की दोन आहेत हे ओळखूही येईना.

"जुळली," मी म्हणालो.

"हो, छान जुळली," ती म्हणाली आणि तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेली.

मी बाहेर आलो तो तरंगतच. माझ्या डोक्यात हिशेब झाला होता. एक रेघ माझी, दुसरी निरोगी माणसाची. आम्ही लोखंडाचं असंच करायचो, चांगल्या मालाशी ताडून बघायचो. स्पेक्ट्रोनं 'ओत' म्हटलं होतं. मी कुणाला काही विचारलं नाही, कारण या जगात मला एक गोष्ट तरी वाचता येते याची मला घमेंड होती.

बरे दिवस

घरी येऊन सांगितलं, "मशीनमध्ये चांगलं निघालं." शांता देवापुढं बसली ती उठेचना. आक्कानं निपाणीत शेजारपाजारी पेढे वाटले. मारुती तेवढा म्हणाला, "डाक्टर काय म्हनला पर?" मी म्हणालो, "मशीन डॉक्टरच्या वरचं असतंय." त्यानंही मान डोलावली. मशीनच्या बाबतीत मी घरातला शंकराचार्य होतो.

हॉस्पिटलनं दिलेल्या लघवीच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी धार सुधारली. मुतारीत मी आता इतरांबरोबरीनं उरकायला लागलो. त्यामुळं तर खात्रीच पटली. हॉस्पिटलातनं फोन यायचे, बायोप्सीची तारीख विचारायचे. शांता सांगायची, "त्यास्नी आता बरं हाय, लई बरं हाय." मग तेही यायचे थांबले.

दिवाळी झाली, भातकापणी झाली. ते दिवस आठवले की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि लगेच कडू होतं. नव्या तांदळाचा भात, वर तुपाची धार, अंगणात ऊन खात बसणं. मला वाटायचं मी वाचलो. मी त्या दिवसांत कुणाशी भांडलोसुद्धा नाही. आणि आतल्या आत कॅन्सर माझं अंग पोखरत होता.

कंबर

संक्रांतीनंतर कंबर धरली. फाउंड्रीत आयुष्यभर उभं राहिल्यावर कंबर धरणारच, असं सगळे म्हणाले. शांता लसूण टाकून तेल कढवायची आणि चोळायची. गावातल्या एका माणसानं चोळून शीर सरकवून दिली. त्या दिवशी मी असा ओरडलो की शेजारच्या म्हशीनं दावं ओढलं.

होळीच्या सुमाराला खाली वाकून चप्पल घालता येईना. मारुतीनं एका सकाळी गाडी दारात लावली. आत येऊन म्हणाला, "अण्णा, ऊठ. आता आक्काचंबी न्हाय आनि तुझंबी न्हाय. माझं ऐकायचं." मला हाताला धरून त्यानं गाडीत बसवलं. शांता मागं बसली. मच्छेपासून हॉस्पिटलपर्यंत खड्डा आला की मारुती गाडी हळू करायचा आणि तिरक्या नजरेनं माझ्याकडं बघायचा.

दोन रेघा

डॉक्टरांनी आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा खुर्चीत ताठ झाले. "इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

"साहेब, तुमच्या मशीनमध्ये तर चांगलं आलं होतं," मी म्हणालो.

"कुठल्या मशीनमध्ये?"

मी सांगितलं. जुळलेल्या रेघा, निरोगी माणूस, सगळं.  डॉक्टरांनी फोन उचलला आणि विद्याश्रीला बोलावून घेतलं. ती आली, हसून "काका, बरे आहात ना?" म्हणाली आणि आमचे चेहरे बघून दारातच थांबली.

डॉक्टरांनी तिला विचारलं. तिला तो दिवस आठवायला वेळ लागला. आठवला तसा तिचा चेहरा पडला.

"काका," ती म्हणाली, "त्या दोन्ही रेघा तुमच्याच होत्या. एकाच माणसाचा थेंब आम्ही दोन-तीनदा वाचतो. मशीन दर वेळी तेच दाखवतंय का, ते बघायला. तुमची बायोप्सीच झाली नव्हती. निकाल नाही, म्हणून तुमची रेघ आम्ही कुठंच घेतली नाही. बाजूला ठेवलीय."

 एकाच नाण्यावर तीनदा ठिणगी मारायची, आकडे जुळले तरच वाचन खरं धरायचं, हे मी उद्यमबागेतल्या पोरांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवलंय. न जुळलं तर शिव्या घातल्यात. आणि माझ्याच रक्ताच्या दोन रेघा एकमेकींवर बसलेल्या बघून मी पेढे वाटायला लावले. मी मला माझ्याशीच ताडून बघितलं आणि बरा ठरवलं.

विद्याश्री रडायला लागली. "मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं," म्हणाली. तिला मी काय सांगणार? तिनं आधीच स्वच्छ सांगितलं होतं. मी म्हणालो, "बाळ, तू सांगितलंवतंस."

सुई

आठवड्याच्या आतच बायोप्सी झाली. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी लिहितो. जागा बधिर करतात. मागच्या वाटेनं एक नळी घालतात, तिच्यातून पडद्यावर ग्रंथी दिसते. मग खट् असा आवाज होतो आणि आत कुणीतरी चिमटा काढल्यासारखं वाटतं. मग पुन्हा खट्. माझ्या पायाशी खानापूरकडची एक नर्स उभी होती. तिनं माझं पाऊल हातात धरून ठेवलेलं. "काका, यंदा भात कसा पिकला तुमचा?" असं विचारायला लागली. मी मसुरी जातीचा भात, पाऊस, रानडुकरं असं काहीबाही सांगत राहिलो आणि सांगता सांगताच संपलं. आज इतकं सगळं झाल्यावर हॉस्पिटलमधलं काय आठवतं म्हणून विचाराल तर माझ्या पावलावरचा तिचा हात आठवतो.

बाहेर येऊन मारुतीनं आणलेला चहा घेतला. सुईला लागलेला वेळ तो चहा निवायला लागला तेवढाच होता. नंतर दोन-चार दिवस लघवीतून रक्त आलं आणि थांबलं. एवढंच. एवढ्यासाठी मी गणपतीपासून होळीपर्यंत पळालो. चहाचा कप हातात धरून मी रडत होतो आणि येणारे-जाणारे समजत होते, दुखतंय बिचाऱ्याला.

स्कॅन

कॅन्सर होताच. आता प्रश्न एकच होता, तो ग्रंथीच्या आत आहे की बाहेर पडला. आत असेल तर ऑपरेशन करून किंवा किरणांचा शेक देऊन मुळातून काढता येतो. बाहेर पडला असेल तर नाही.

हाडांच्या स्कॅनला हातात एक इंजेक्शन देतात, मग भरपूर पाणी प्यायला लावून बसवून ठेवतात. त्या बाकावर आम्ही सगळे बसलेलो. चिकोडीचा एक म्हातारा, गोकाकची एक बाई, मी. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. म्हाताऱ्यानं माझ्या बाटलीचं टोपण निघेना म्हणून उघडून दिलं. मी नवस केले. सगळ्या देवांना केले, ज्यांना कधी नमस्कारही केला नव्हता त्यांनाही. मशीनखाली पडल्यावर माझ्या मनात मात्र देव नव्हता. आत ठेव, आत ठेव, आत ठेव, इतकंच.

आत नव्हता. मणक्यात आणि कंबरेच्या हाडात पोचला होता.

मी डॉक्टरांना विचारलं, "त्याच वेळी सुई लावली असती तर?"

ते म्हणाले, "खोटं सांगत नाही. कदाचित तेव्हाच बाहेर पडला असेल. कदाचित नसेल. आता कुणालाच सांगता येणार नाही."

या 'कदाचित'नं माझा जेवढा जीव खाल्लाय तेवढा हाडातल्या दुखण्यानंही खाल्ला नाही. माझा दोष पक्का असता तर कपाळ तरी फोडून घेतलं असतं. दोष नसता तर नशीब म्हटलं असतं. घरी आल्यावर मी शांतावर ओरडलो, "फोन तूच उचलत होतीस, तूच बरं हाय म्हणून सांगत होतीस!" ती चूल पुसत राहिली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. फोनवर काय सांगायचं ते मीच तिला शिकवलं होतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. एवढं करून रात्रीच्या भाकरीवर तिनं मला लोणी जास्तच घातलं. ते खाताना मला स्वतःची घाण वाटली.

आक्का आली ती पायाशी बसली. "परशा, मी मारलं रं तुला." मी "न्हाय आक्का" म्हणालो. पण खरं सांगायचं तर 'व्हय' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो गिळताना लई जड गेलं.

इंजेक्शनं

आता दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या. या कॅन्सरला पुरुषाच्या अंगातला पुरुषपणाचा रस, हार्मोन म्हणतात तो, लागतो, तोच बंद करून टाकतात. काय होतं ते कुणी लिहीत नाही. दाढी विरळ होते, छाती बाईसारखी हुळहुळते, बिनकारण रडू येतं. नवरा-बायकोचं म्हणाल तर तो विषय संपला. आणि ऐन थंडीत अंगातून वाफा निघतात. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी शर्ट काढून अंगणात उभा राहिलो. शांतानं दारातून बघितलं आणि किती दिवसांनी हसली. "आता कळलं व्हय? पाळी जाताना मला होत हुतं तवा म्हनत हुता, नाटकं करतीस." मग पदरानं वारा घालत बसली. त्या दिवशी आम्ही दोघं बराच वेळ हसलो, आणि मग तीच माझ्या आधी रडली.

गोळ्यांनी दुखणं बरंच दबलंय. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. काठी घेऊन चालतो. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आपटायचं तर मुळीच नाही, कारण हाडं पोकळ झालीयत.

मध्ये विद्याश्रीकडं गेलो होतो. म्हणालो, "माझा आता निकाल आलाय. ती बाजूला ठेवलेली रेघ घाल की वाईटाच्या बाजूला." तिनं मान खाली घालून "हो काका" म्हटलं. माझा त्या मशीनवर राग नाही. त्याला पक्कं शिकू दे. उद्या त्याच्यामुळं कुणाची सुई वाचली तर मला आनंदच आहे. पण ते शिकून तयार होईपर्यंत सुईला पर्याय नाही, हे मी माझ्या हाडांची शपथ घेऊन सांगतो.

संकेश्वरच्या अलीकडं

परवा आक्काला भेटून निपाणीहून परत येत होतो. मारुती गाडी चालवत होता, आम्ही दोघंच. निपाणी सुटली तशी त्यानं गाडी बाजूला घेतली. "आलोच," म्हणून उसाच्या कडेला गेला. परत आला, निघालो. संकेश्वरच्या अलीकडं त्यानं पुन्हा गाडी थांबवली.

दुपारचं ऊन होतं. काच खाली होती. तो पाठमोरा उभा होता, मान वाकवून. उभाच होता. मागून येणारे ट्रक जात होते, आणि तो हलेना. ते उभं राहणं मला ओळखीचं होतं. मी दार उघडलं, काठी टेकत त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"कवापासनं?" मी विचारलं.

तो दचकला. "काय कवापासनं? उसाचा रस पिलो आक्काकडं, म्हनून."

"मारुती."

तो वळला. नाडी बांधत माझ्याकडं न बघता म्हणाला, "ह्या दिवाळीपासनं."

दिवाळीपासनं म्हणजे इंजेक्शनांसाठी मला गाडीत घालून नेत होता, आणतही होता, तेव्हाही. "आणि मला बोलला न्हाईस?"

"तुझं बघून भ्या वाटतंय, अण्णा."

"गाडी हॉस्पिटलला घे. आत्ता."

"उद्या बघू."

"आत्ता. आधी रक्त तपासतील, बोट घालून बघतील. मग ते सुई म्हणाले तर सुई."

त्यानं रस्त्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "तुझ्या त्या विद्याश्रीला सांग की. त्या मशीनवर एक थेंब बघ म्हनावं. ती न्हाय म्हननार न्हाय तुला. सुई नको, अण्णा. आक्का म्हनती ते काय अगदीच..."

मला पुढचं ऐकवलं नाही. ओरडायला दम नव्हता, मारायला हातात जोर नव्हता, आणि त्याला समजावून सांगावं तर समजावणाऱ्याची ही गत. मी काठी फेकून दिली, गाडीच्या पुढं गेलो आणि बंपरला धरून धरून मातीत बसलो. मणक्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

"अण्णा! येडा झालास व्हय? ऊठ!" तो धावत आला.

"घाल गाडी अंगावरनं."

"अरं ऊठ की! तुला बसायचं न्हाय म्हनून सांगितलंय न्हवं?"

ऊठ म्हणाला तरी मला उठता येत नव्हतंच. पाय कुठं आहेत तेही कळेना. माझ्या तोंडाला फेस आला असावा, कारण त्यानं आपल्या शर्टाच्या बाहीनं माझं तोंड पुसलं. मग माझ्या काखेत दोन्ही हात घालून, गुडघ्यावर बसून, तो मला उचलायला लागला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याशी आलेला. मी त्याची कॉलर धरली.

"आधी व्हय म्हण. मग उचल."

"अण्णा, सोड."

"सुईला व्हय म्हण."

तो रडत होता. एक एसटी आमच्याजवळ हळू झाली, कंडक्टरनं काय झालं म्हणून विचारलं, आणि मारुतीनं मानेनंच जा म्हटलं तशी पुढं गेली. मी कॉलर सोडली नाही. हातात राहिलेला सगळा जोर मी तिथं लावला होता.

"व्हय," मारुती म्हणाला. "व्हय रं अण्णा, लावतो सुई. आता मान टाक माझ्या खांद्यावर."

मी मान टाकली. त्यानं मला उचललं, गाडीत बसवलं, पट्टा लावला. बेळगाव येईपर्यंत तो आणखी एकदा थांबला. त्या वेळीही मी काच खाली करून त्याच्या पाठीकडं बघत बसलो, आणि तो परत येऊन गाडी सुरू करेपर्यंत श्वास घेतला नाही.